बंद दिव्याची साक्ष

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला की काय करायचं याबद्दल भरपूर सल्ला मिळतो. तो विझला की काय समजायचं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, आणि तिच्यातून निघणाऱ्या एका नैतिक प्रश्नाबद्दल. एखादा दोष पुन्हा पुन्हा येऊन गेला आहे, सध्या दिसत नाही, आणि तो कायमचा गेला की नाही हे आज कळायला मार्ग नाही. अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना आपण त्याला काय सांगणं लागतो?

माझ्यापुरता हा प्रश्न हवेतला नव्हता. माझ्याकडे २००३ सालचा एक ट्रक होता. ट्रक म्हणजे आपल्याकडचा दहाचाकी नव्हे. अमेरिकेत पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक लाख ऐंशी हजार मैल पळालेलं. मी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या बाजूला राहतो. सॅन होजेला जायचं तर हायवे १७ने डोंगर ओलांडावा लागतो, आणि तो रस्ता चढाचा, वळणावळणांचा आहे. लाकूड, माती, जुनं सामान असं सगळं या ट्रकने वर्षानुवर्षं इकडून तिकडे नेलं. शेवटच्या दोन हिवाळ्यांत मात्र त्याचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. कोड वाचला की उत्तर यायचं ‘मिसफायर’.

आपल्याकडचे मेकॅनिक यालाच ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आलं, दाबलं गेलं, पण ठरल्या क्षणी पेटलं नाही. जुन्या गाड्यांमध्ये हे कानाने शोधत. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिनाचा आवाज बिघडतो तो सिलिंडर चांगला, आणि जी काढूनही काही फरक पडत नाही तिथे आधीपासूनच काही जळत नव्हतं.

आता हे काम संगणक करतो, आणि त्याची पद्धत मला फार आवडते. आठ सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात चार स्फोट होतात. मिनिटाला दोन हजार फेरे असतील तर आठ हजार स्फोट. प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला एक बारीकसा धक्का देतो आणि तो क्षणभर वेगावतो. एखादा धक्का चुकला की तो किंचित रेंगाळतो. संगणक दातेरी चाकावरून हे रेंगाळणं मोजतो. त्या क्षणी पाळी कोणाची होती हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे सिलिंडरचा नंबरही मिळतो. दर दोनशे आणि दर हजार फेऱ्यांमागे किती धक्के चुकले याचा तो हिशेब ठेवतो. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवेल इतके चुकले तर दिवा लुकलुकतो. तेवढे नसले, पण धुरातलं प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याइतके असले, तर तो नुसता लागून राहतो.

या दीडपटीत एक गोष्ट दडलेली आहे. हा दिवा मुळात चालकाच्या सोयीसाठी बसवलेला नाही. १९५०च्या आसपास लॉस एंजेलिसमधल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं मूळ मोटारींच्या धुरात आहे हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. तिथून सुरू झालेल्या कायद्यांची परिणती म्हणजे १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना सक्तीची झालेली ही स्वतःला तपासणारी यंत्रणा. म्हणजे माझ्या डॅशबोर्डवर रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाचा एक प्रतिनिधी बसवलेला आहे. मला गाडी ठीक वाटते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

पण या प्रतिनिधीचं ज्ञान मर्यादित आहे. माझ्या ट्रकचा कोड होता पी ०३०४. त्याचा अर्थ एवढाच की चौथ्या सिलिंडरने धक्का दिला नाही. का दिला नाही हे त्यात नसतं. प्लग झिजला असेल, ठिणगीसाठी दाब वाढवणारी कॉइल गेली असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोंदला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, वायर तुटली असेल. कोडमध्ये पत्ता असतो, नाव नसतं. तरी गॅरेजमध्ये पुष्कळदा पत्त्यावर जो पहिला सापडेल त्यालाच धरलं जातं.

पहिल्या हिवाळ्यात दिवा लागला तेव्हा आठही प्लग बदलले. जुनेच होते, बदलायला हवेच होते. दिवा विझला. तीन आठवडे गेले आणि फेब्रुवारीच्या पावसात पुन्हा लागला. मग मी एक वही केली. तारीख, हवा, रस्ता, वेग, हौद्यात वजन किती, कोड कोणता. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्यावरून दिसलं की दिवा फक्त पावसात लागतो, आणि पावसातही फक्त चढावर.

त्यानंतर अदलाबदलीची परीक्षा केली. चौथ्या सिलिंडरवरची कॉइल तिच्या रबरी टोपणासकट काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्यावरची चौथ्यावर. कोड दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल दोषी, चौथ्यावरच राहिला तर ती निर्दोष. पुढच्या पावसात कोड चौथ्यावरच आला. कॉइल सुटली. सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजला, तो सारखा निघाला. व्हॉल्व्हही सुटले.

आपल्या न्यायशास्त्रात या कामासाठी फार नेमके शब्द आहेत. अमुक असलं की तमुक असतं हा अन्वय. अमुक नसलं की तमुक नसतं हा व्यतिरेक. कॉइलची अदलाबदल म्हणजे व्यतिरेकाचीच परीक्षा. कार्याच्या आधी नेहमी हजर असतं म्हणून काहीही कारण ठरत नाही, हेही नैयायिकांनी बजावलं आहे. मडकं घडण्याआधी माती वाहून आणणारं गाढव असतंच, पण ते मडक्याचं कारण नव्हे. ते ‘अन्यथासिद्ध’. पहिल्या हिवाळ्यात बदललेले प्लग हे असंच गाढव होतं. प्लग बदलले, मग दिवा विझला. पण मधल्या काळात पाऊसही थांबला होता.

तिसरा शब्द ‘उपाधी’. धूर असेल तिथे अग्नी असतो हे खरं, पण उलट खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. हा ओलेपणा ही उपाधी. ती लक्षात आली नाही तर अनुमान फसतं. माझ्या ट्रकच्या बाबतीत उपाधी शब्दशः ओलेपणाच होती.

मे महिन्यात मेकॅनिकने वायपरखालची पत्र्याची पन्हळ उघडली. तिचा सांधा चिरला होता. इंजिनाचा मागचा भाग बरोबर त्याखाली येतो, आणि चौथा सिलिंडर तिथेच आहे. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या भिंतीवर पाणी येऊन वाळल्याचे डाग होते. शेजारच्या कॉइलच्या कनेक्टरवर गंजाचा हिरवा थर होता. सगळं जुळत होतं. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात, आणि विहिरीत ओल असेल तर वीज प्लगमधून जाण्याऐवजी बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरू शकते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पाडायला आणखी व्होल्ट लागतात, म्हणून ही पळवाट चढावरच सापडायची. मेकॅनिकने सांधा सीलंटने बुजवला, कनेक्टर नवा घातला, कोड पुसले. दोन्ही कामं एकदमच झाली, कारण तिथवर पोचायलाच अर्धा दिवस लागतो.

तेव्हापासून दिवा लागला नाही. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ऑगस्टमध्ये धुराची सरकारी तपासणी झाली. या वयाच्या गाडीत तपासनीस संगणकालाच विचारतो: तुझ्या सगळ्या चाचण्या पूर्ण झाल्या का, काही नोंद आहे का? संगणक म्हणाला, सगळं ठीक. प्रमाणपत्र मिळालं.

पण आमच्याकडे मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास पडतच नाही.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. मिसफायरचा दिवा विझवण्याबाबत संगणकाचे नियम बरेच कडक आहेत. नुसती काही दिवस गाडी चांगली चालली की झालं, असं तो मानत नाही. ज्या परिस्थितीत दोष आला होता तसलीच परिस्थिती पुन्हा यावी लागते आणि तेव्हा दोष दिसता कामा नये. असं लागोपाठ तीन वेळा व्हावं लागतं. माणसांबद्दलही आपण असाच विचार करतो. दारू सोडलेल्या माणसाची परीक्षा घरात बसून होत नाही, लग्नाच्या वरातीत होते. पण ‘तसलीच परिस्थिती’ म्हणजे काय? संगणकाच्या लेखी इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार आणि ते थंड आहे की गरम. पावसाचा रकाना त्याच्याकडे नाही. त्यामुळे हाताने कोड पुसले नसते तरी कोरड्या दिवसांत चढ चढून त्याने यथावकाश प्रामाणिकपणे दिवा विझवला असता. त्याची साक्ष खोटी नव्हे. जे त्याने पाहिलंच नाही त्याबद्दल ती नाही, एवढंच.

मग घरच्या घरी पाऊस का पाडला नाही? पाडला. इंजिन चालू ठेवून वर पाण्याचा फवारा मारून पाहणं ही गॅरेजमधली जुनी युक्ती आहे. पण दुरुस्तीच्या आधी मी तो मारला होता तेव्हाही काही झालं नव्हतं, कारण दारात उभ्या गाडीवर चढाचा भार नव्हता. आजारी असताना आणि बरं झाल्यावर सारखंच उत्तर देणारी चाचणी ही चाचणी नसते. नंतर फवारा मारल्यावर दिवा लागला नाही, यातून मला काहीच कळलं नाही.

मुंबईच्या वाचकाला हे चटकन कळेल. एप्रिलमध्ये फ्लॅट बघायला गेलं की भिंती कोरड्याच असतात. वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, असं मालक सांगतो आणि ते खरंही असतं. ते टिकलं की नाही हे जुलैतच कळतं. तोवर ताबा दिलेला असतो.

सप्टेंबरमध्ये मी ट्रक विकायला काढला. बघायला आलेला तरुण बागकाम करणारा होता. गवत कापायची यंत्रं हौद्यात घालून तो डोंगरापलीकडच्या घरांत कामाला जायचा, हिवाळ्यातही. इथे दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते आणि दिवा लागलेला असेल तर गाडीची नोंदणी पुढे चालू राहत नाही. मला त्या ट्रकचा एखादा दिवस खाडा म्हणजे गैरसोय. त्याला त्या दिवसाची मजुरी. शिवाय मिसफायर दुर्लक्षित राहिला आणि कन्व्हर्टर गेला, तर त्याचा खर्च अशा जुन्या ट्रकच्या किमतीचा मोठा लचका तोडतो.

त्याने डॅशबोर्डकडे पाहून इंग्रजीत विचारलं, “नो लाइट्स?” त्याची मातृभाषा स्पॅनिश, माझी मराठी. मराठीत त्याला ‘दिवा लागलाय का?’ आणि ‘दिवा लागतो का?’ यांतला एक प्रश्न निवडावाच लागला असता. पहिल्याचं उत्तर समोर दिसत होतं. दुसऱ्याचं माझ्या वहीत होतं. त्याच्या दोन शब्दांत दोन्ही प्रश्न मावत होते आणि कोणत्याचं उत्तर द्यायचं ते माझ्या हातात होतं.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम १७मध्ये घोड्याचं उदाहरण आहे. एकजण लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा सांगतो, ही लबाडी नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे. मात्र पुढे दोन अपवाद येतात. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याने सांगायला हवं. आणि घेणारा जर म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन’, तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

मला ही तीन उदाहरणं कायद्यापेक्षाही नीतीसाठी उपयोगी वाटतात. त्यांतून एवढं कळतं की मौनाचा अर्थ मौनात नसतो. समोरचा त्यावर काय उभारतोय यात असतो. त्या तरुणाचं ‘नो लाइट्स?’ हे तिसऱ्या उदाहरणातलं वाक्य होतं. मी नुसती मान हलवली असती तर तिच्यावर त्याने अख्खा हिवाळा उभारला असता.

तरीही घोडा विकणारा आणि मी यांत एक मोठा फरक आहे. त्याला दोष माहीत होता. मला माहीत नव्हता. दुरुस्ती झाली होती, कारण पटण्यासारखं होतं, पैसे भरले होते. ‘ट्रक दुरुस्त झालाय’ असं मला मनापासून वाटतही होतं. जे खरं वाटतं ते सांगण्यात अप्रामाणिकपणा कसला?

याला विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७मध्ये उत्तर देऊन ठेवलं आहे. त्याच्या निबंधातला जहाजमालक आपल्या जुन्या जहाजाबद्दलच्या शंका हळूहळू मनातून काढून टाकतो. इतक्या सफरी झाल्या, हीसुद्धा होईल, अशी स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांना निर्धास्तपणे निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास खराखुरा होता, याने त्याचा दोष कमी होत नाही, कारण समोर असलेल्या पुराव्यावर असा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझा ट्रक पुढच्या पावसात बिनतक्रार चालला तरी सप्टेंबरमध्ये ‘दुरुस्त झालाय’ असं म्हणण्याचा हक्क मला मागाहून मिळणार नाही. त्या दिवशी माझ्याकडे जे होतं ते म्हणजे एक पटण्यासारखं कारण आणि चार कोरडे महिने. विकणाऱ्याच्या मनात विश्वास फार सहज उगवतो, कारण तो उगवण्यात त्याचा फायदा असतो. म्हणून आपल्याला काय वाटतं हे विकताना पुरावा म्हणून कमी धरावं.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. सगळ्याच शंका सांगत बसलं तर जुनी वस्तू विकताच येणार नाही. जुन्या ट्रकमध्ये कशाची शंका नसते? शिवाय ऐकणारा शंकेला दोषच समजतो आणि प्रामाणिक माणसाला दंड बसतो. गप्प बसणाऱ्याला पूर्ण किंमत मिळते. हे खरं आहे. म्हणून माझी मर्यादा अशी: जी शंका मी स्वतः घेणारा असतो तर मला ऐकायची असती, जिच्यामुळे माझा निर्णय किंवा किंमत बदलली असती, ती सांगायची. गिअरबॉक्स एक दिवस जाईलच, ही शंका सगळ्या जुन्या ट्रकांची. ती घेणाऱ्यालाही ठाऊक असते. पावसात चढावर चौथा सिलिंडर सुटायचा, ही शंका याच ट्रकची आणि ती फक्त मला ठाऊक होती. माहितीची ही तफावत मी मिटवली नाही तर तिचा मोबदला मी खिशात घालतो, एवढा साधा हिशेब आहे.

आणि शंका सांगायची तर तिच्या आकारासकट सांगायची. ‘कधीतरी दिवा लागायचा’ असं मोघम बोलणं हाही लपवण्याचाच प्रकार आहे. त्याने ऐकणारा एकतर फार घाबरतो किंवा अजिबात घाबरत नाही. मी त्याला वही दाखवली. काय बदललं, काय निर्दोष ठरलं, काय शिवलं, आणि कोणती परीक्षा अजून व्हायची आहे. पन्हळीतून पाणी कुठे पडायचं ते बॉनेट उघडून दाखवलं. पहिल्या मोठ्या पावसात हौदा रिकामा ठेवून एकदा डोंगर चढून पाहा आणि दिवा लुकलुकला तर ताबडतोब पाय काढ, हेही सांगितलं. त्याने वही दोनदा चाळली, सहाशे डॉलर कमी करून मागितले. मला ते रास्त वाटले. ट्रक त्याने घेतला आणि वहीही मागून घेतली.

सहाशे डॉलर ही माझ्या अज्ञानाची किंमत होती असं मी धरतो. ती आम्हा दोघांपैकी कुणाला तरी भरावीच लागणार होती. न सांगता विकलं असतं तर ती भरायची की नाही हे ठरवण्याची संधी त्याला मिळालीच नसती. सांगितल्यावर तो ती जोखीम उघड्या डोळ्यांनी आणि त्याला परवडेल त्या भावात घेत होता. निश्चितता माझ्याकडे नव्हतीच, त्यामुळे ती मी त्याला देणं लागत नव्हतो. आपलं ज्ञान नेमकं कुठे संपतं ते मात्र मला माहीत होतं, आणि तेवढं मी देणं लागत होतो.

दुखणं दबलेल्या माणसाला नोकरीवर ठेवताना, परतफेडीची सवय लागलेल्या जुन्या कर्जदाराची शिफारस करताना, घर, गाय, गाडी विकताना आपण पुष्कळदा बंद दिव्याकडे बोट दाखवतो. तो खरोखरच बंद असतो. अशा वेळी विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: तो शेवटचा लागला होता तेव्हा हवा कशी होती, आणि तशी हवा त्यानंतर पुन्हा आली आहे का?